परक्यांच्या ग्रंथांचा कैवारी : योहान रॉयख्लिन

ज्युबिलीच्या ह्या शुभ वर्षीं आम्हां सर्वांच्या तोंडीं जो शब्द आहे, तो मूळचा इब्री भाषेचा. मेंढ्याच्या शिंगाचें रणशिंग वाजवून इस्राएल लोकांनीं पन्नासावें वर्ष पवित्र पाळावें, अशी आज्ञा लेवीय पुस्तकांत आहे. त्या शिंगाच्या योबेल ह्या नांवावरून ज्युबिली हा शब्द आला. मिस्साबलिदानांतील आमेन, आलेलुया व होसान्ना हे शब्दही त्याच भाषेचे. ज्या लोकांकडून हें धन आम्हांस लाभलें, त्यांच्या ग्रंथांवर एकदां मोठें संकट आलें असतां एका कॅथॉलिक गृहस्थानें त्यांची बाजू घेतली. त्यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

योहान रॉयख्लिन ह्यांचा जन्म १४५५ सालीं जर्मनींतील फोर्झहाइम गांवीं झाला. बाझेल व फ्रान्स देशांत त्यांनीं भाषा व कायदा ह्यांचें अध्ययन केलें आणि पुढें ते श्वाबियन संघाचे न्यायाधीश झाले. १४९२ सालीं लिन्झ येथें सम्राटाच्या दरबारीं असलेले यहुदी वैद्य याकोब लोआन्स ह्यांची त्यांना गांठ पडली. सदतीस वर्षांचा हा नामांकित कायदेपंडित त्या यहुदी गुरूपुढें बसून इब्री शिकूं लागला. १५०६ सालीं त्यांनीं इब्रीचें व्याकरण व कोश प्रसिद्ध केला आणि ख्रिस्ती विद्यार्थ्यांना जुना करार मुळांतून वाचण्याची वाट मोकळी करून दिली.

त्याच सुमारास कोलोन शहरीं योहान्स फेफरकोर्न नांवाचे गृहस्थ होते. ते जन्मानें यहुदी. पुढें बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. ताल्मुदादि ग्रंथ ख्रिस्तनिंदेनें भरलेले आहेत, ते यहुद्यांपासून काढून घ्यावे, असा त्यांचा आग्रह. १५०९ सालीं सम्राट माक्सिमिलियन ह्यांजकडून त्यांनीं आज्ञापत्र मिळविलें आणि फ्रांकफुर्टच्या यहुद्यांचे ग्रंथ जप्त होऊं लागले. गाऱ्हाणीं गेल्यावर सम्राटांनीं विद्वानांचीं मतें मागविलीं. कोलोन, माइन्झ व एर्फुर्ट येथील विद्यापीठांनीं जप्तीस अनुकूल मत दिलें. हायडेलबर्गनें अधिक विचार व्हावा म्हटलें. स्पष्ट विरोध केला तो एकट्या रॉयख्लिन ह्यांनीं.

६ ऑक्टोबर १५१० च्या त्यांच्या अभिप्रायांत न्यायाधीशाची शिस्त दिसते. सर्व ग्रंथांस एकाच आरोपांत गोवूं नये म्हणून त्यांनीं त्यांचे निरनिराळे वर्ग पाडले. उघड निंदेचें एखाददुसरें पुस्तक चौकशीअंतीं दंडास पात्र ठरेल. परंतु त्याच्यापायीं बाकीच्यांस हात लावतां येत नाहीं. यहुदी हे साम्राज्याचे नागरिक आहेत व त्यांच्या मालमत्तेस कायद्याचें संरक्षण आहे. ताल्मुदाचा निषेध करणाऱ्यांस तो समजत नाहीं, हें सांगतांना आपणही तो वाचलेला नाहीं, दुप्पट किंमत देऊं करूनही प्रत मिळाली नाहीं, हें त्यांनीं मोकळेपणीं कबूल केलें. यहुद्यांच्या नित्य प्रार्थनेंतील एक वाक्य ख्रिस्ती लोकांस शाप देणारें आहे, असा आरोप होता. मूळ शब्दाचा धातु उलगडून त्यांनीं तो खोडून काढला. प्रत्येक जर्मन विद्यापीठांत दहा वर्षें दोन इब्री अध्यापक नेमावे, असा उपायही त्यांनीं सुचविला.

ताल्मुद म्हणजे केवळ आज्ञांची यादी नव्हे. सुमारें इ. स. २०० च्या वेळीं संकलित झालेली मिश्ना आणि तिच्यावर पुढील कित्येक पिढ्यांच्या पंडितांनीं केलेली चर्चा त्यांत आहे. एकानें मत मांडावें, दुसऱ्यानें तें खोडावें, आणि मान्य न झालेलें मतही जपून ठेवावें, अशी त्याची रीत. त्यांतून एक कठोर वाक्य तोडून हाच यहुद्यांचा धर्म म्हणणें, म्हणजे एका वकिलाचें भाषण न्यायाधीशाचा निकाल म्हणून वाचणें होय. आमच्या स्तोत्रसंहितेंतही शत्रूंविषयीं कठोर उद्गार आहेत; तेवढेच काढून कोणी आमचा धर्म ठरविला, तर तें आम्हांस रुचेल काय?

रॉयख्लिन निर्दोष होते, असें आम्ही म्हणत नाहीं. यहुद्यांचें दैन्य हें त्यांच्याच पापाचें फळ, असें त्यांनीं १५०५ सालीं लिहिलें होतें. तरी न्यायाच्या प्रसंगीं ते डगमगले नाहींत, आणि त्याचें मोल त्यांना दहा वर्षें द्यावें लागलें. आपल्या बचावाचें त्यांचें पुस्तक १५१४ सालीं कोलोन येथें जाळण्यांत आलें. त्याच वर्षीं श्पायरच्या न्यायासनानें त्यांना दोषमुक्त केलें; परंतु रोममध्यें १५२० सालीं निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. बहिणीचा नातू मेलांख्थॉन लूथरच्या पक्षास मिळाला असतांही हे वृद्ध पंडित ख्रिस्तसभा सोडून गेले नाहींत. अखेरपर्यंत विद्यादान करून १५२२ सालीं ते परलोकवासी झाले. त्यांच्या हयातींतच व्हेनिस येथें दानिएल बोंबर्ग ह्या ख्रिस्ती मुद्रकानें संपूर्ण ताल्मुद छापावयास घेतला होता.

पुढचा इतिहास आम्हांस लाजविणारा आहे. १५५३ सालीं रोममध्यें ताल्मुद जाळला गेला. आमच्या शेजारच्या गोव्यांतही १५६५ सालीं यहुद्यांविरुद्धचा एक जुना वादग्रंथ तेथील पहिल्या आर्चबिशपांच्या पत्रासह छापला गेला. विसाव्या शतकांत नाझी राजवटीनें सुमारें साठ लाख यहुद्यांचा संहार केला. १९५९ सालीं पोप तेविसावे योहान ह्यांनीं शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेंतून यहुद्यांस लाविलेलें दूषणात्मक विशेषण काढविलें; आणि १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें प्रभूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर व आजच्या यहुद्यांवर लादतां येत नाहीं, असें शिकविलें.

आमच्या नांदेड-लातूरकडे यहुदी शेजारी सहसा आढळत नाहीं. कोंकणांत मात्र बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या राहिले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मराठी ही त्यांची घरची भाषा, आणि शास्त्रांतील आख्यानें ते मराठी कीर्तनांत गात. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्राएल देशास गेले. शेजारी दिसत नसला म्हणजे त्याच्याविषयीं कांहींही खरें मानण्याचा मोह होतो. नांदेडच्या हुजूर साहिबांत गुरु ग्रंथ साहिबांची सेवा किती आदरानें चालते, हें आम्ही जाणतों. गुरुमुखीचें अक्षर न ओळखतां कोणी त्या ग्रंथाची निंदा करूं लागला, तर आम्ही त्यास गप्प बसवूं. तोच न्याय यहुद्यांच्या ग्रंथांसही लावावा. आधीं वाचावें, विचारावें, मग बोलावें, हा धडा रॉयख्लिन ह्यांच्या चरित्रांतून आम्हीं घेतला, तर आमची ज्युबिली खऱ्या अर्थानें साजरी झाली असें होईल.