बोरिवलीच्या मुसळीचे फादर सांतापाव

मरोळहून मरोशी रस्त्याने पुढे गेले की इमारती मागे पडतात, आरेची हिरवाई लागते आणि तिच्या पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचे जंगल सुरू होते. आज संजय गांधींचे नाव मिरवणारे हे उद्यान १९५०च्या दशकात कृष्णगिरी म्हणून ओळखले जाई. त्या काळी तेथील वनस्पतींची शास्त्रशुद्ध नोंद करणाऱ्यांमध्ये एक जेझुइट धर्मगुरू होते. उपनगरातल्या गच्चीत किंवा बाल्कनीत विलायती गुलाबांऐवजी आपली रानफुले फुलवू पाहणाऱ्यांनी फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांची ओळख अवश्य करून घ्यावी.

सांतापाव यांचा जन्म ५ डिसेंबर १९०३ रोजी स्पेनमधील कॅटालोनियातल्या ला गालेरा या गावी झाला. जेझुइट संघात प्रवेश केल्यावर ते तरुणपणीच भारतात आले. पुढे लंडन विद्यापीठात आणि क्यू येथील वनस्पती उद्यानात त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला. १९४०च्या सुमारास ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवू लागले आणि कालांतराने त्यांनी भारतीय नागरिकत्वही स्वीकारले. कारवीच्या कुळावरील त्यांचा ग्रंथ १९५१ मध्ये, तर खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. घाटात जाणारे अभ्यासक आजही या ग्रंथांचा आधार घेतात.

युरोपात बर्फ वितळले की जमिनीलगतची फुले उमलतात. तोच त्यांचा वसंत. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात फुलतात ती पळस, पांगारा, काटेसावर यांसारखी झाडे, कारण त्यांची मुळे खोलवरच्या ओलाव्यापर्यंत पोहोचलेली असतात. वरची माती मात्र तापून कोरडी पडलेली असते आणि लहान रानफुलांचे कंद तिच्याखाली निजलेले असतात. त्यांचा वसंत मृगाच्या पहिल्या सरींबरोबर येतो. काळी मुसळी, शेवळा, कळलावी या साऱ्यांचे पंचांग हेच. पाश्चात्त्य पुस्तके वाचून फेब्रुवारीत बाग फुलवू पाहणाऱ्यांची निराशा होते ती या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

बोरिवलीच्या जंगलातली पांढरी मुसळी याच जातकुळीतली. १९५०च्या दशकाच्या मध्यावर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी तिचे स्वतंत्र जात म्हणून वर्णन केले आणि तिला बोरिवलीचेच नाव दिले : क्लोरोफायटम बोरिविलिॲनम. एका उपनगराचे नाव असे जगभरच्या वनस्पतिशास्त्रात जाऊन बसले. अर्थात, शास्त्राने नाव देण्याआधी ही वनस्पती कुणालाच ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. याच जातकुळीतल्या वनस्पतींची कोवळी पाने कुळी किंवा फोडशी म्हणून पावसाच्या आरंभी बाजारात येतात, आणि ती खुडून आणणाऱ्या आदिवासी बायकांना लॅटिन नावाची कधी गरज पडली नाही.

नावाबरोबर मागणीही आली. मुळांच्या औषधी लौकिकामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस रानातली मुसळी सर्रास खणली जाऊ लागली. शेतकऱ्यांना पांढऱ्या सोन्याची स्वप्नेही दाखवून झाली. म्हणूनच घरी लावायची असेल तर ती जंगलातून उपटून आणू नये; लागवडीच्या शेतातली मुळे घ्यावीत. बी रुजण्याचे प्रमाण कमी, त्यामुळे मुळांचा घोसच लावतात, मात्र त्याला वरच्या गड्ड्याचा डोळ्यासकट तुकडा हवा; नुसते मूळ फुटत नाही. भुसभुशीत, पाणी न साठणाऱ्या मातीत जूनमध्ये लावले की पावसाळ्यात सरळ दांड्यावर नाजूक पांढरी फुले येतात. पावसाळा सरता सरता पाने पिवळी पडून वाळतात. झाड मेले असे समजून कुंडी ओतून देऊ नये आणि पाणीही घालू नये, नाहीतर मुळे कुजतात. पुढच्या जूनपर्यंत ती कुंडी रिकामीच दिसणार.

सांतापाव यांच्या कारकिर्दीत एक कटू प्रकरणही आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची पुनर्रचना करण्यासाठी पंडित नेहरूंच्या सरकारने ख्यातनाम शास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना पाचारण केले होते. परंतु १९५४ मध्ये प्रमुख वनस्पतिशास्त्रज्ञाचे पद सांतापाव यांच्याकडे गेले. स्वतंत्र भारतातील वनस्पतींची सूत्रे पुन्हा क्यूच्या वळणाच्या युरोपीय माणसाकडे जावीत, याचे अम्मल यांना अतोनात दुःख झाले. त्यांची व्यथा रास्त होती. सांतापाव यांचे काम चोख होते, म्हणून ती कमी रास्त ठरत नाही. त्यांच्या काळात सर्वेक्षणाची प्रादेशिक केंद्रे उभी राहिली. पुण्याचे केंद्र १९५५ मध्ये सुरू झाले आणि सह्याद्रीच्या अभ्यासाला हक्काचे घर मिळाले. सांतापाव पुढे सर्वेक्षणाचे संचालक झाले.

१९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतरच्याच वर्षी सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पाच्या एका नव्या जातीला दोन भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले : सेरोपेजिआ सांतापावी. १३ जानेवारी १९७० रोजी मुंबईत फादर सांतापाव यांचे निधन झाले.