तोफा वितळल्या, नांगर झाले : लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या भट्टीची गोष्ट

बीड : एप्रिल-मे महिन्यात जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या पुढं गेला की माणूस सावली धरतो, रान मात्र उन्हात उघडं टाकावं लागतं. खोल नांगरट केली की ढेकळं तापतात, हराळी-कुंद्याच्या मुळ्या वर येऊन वाळतात, किडीचे कोष उघडे पडून मरतात. लाकडी नांगर जमीन चिरायचा, पण खालची माती वर पलटी करायचा नाही. हे काम करणारा लोखंडी नांगर आपल्याच मुलखात ओतून शेतकऱ्याच्या दारात नेला, तो लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांनी.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. शाळेत मन रमत नव्हतं. नाद होता चित्रांचा आणि यंत्रांचा. वडिलांची मर्जी नसताना थोरल्या भावाच्या मदतीनं ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले. पण काही रंग आपल्याला नीट ओळखू येत नाहीत, हे तिथं कळलं आणि चित्रकार व्हायचं स्वप्न संपलं. मग यंत्रांची रेखाटनं शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत तोच विषय शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्याला जागा दिली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली.

बेळगावात १८८८ साली किर्लोस्कर बंधूंचं सायकलींचं दुकान सुरू झालं होतं. सायकली विकता विकता त्यांचं लक्ष शेतीकडं वळलं. आधी कडबाकुट्टीचं यंत्र केलं, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

पहिला नांगर विकायला दोन वर्षं

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंड लागलं की जमीन विषारी होते, असा त्या काळी पक्का समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. तोवर भांडवल अडकून पडलेलं. पण ज्यांनी नांगर घेतला त्यांच्या रानातलं पीक शेजाऱ्यांनी पाहिलं आणि मागणी हळूहळू सुरू झाली. शेतकरी जाहिरातीपेक्षा बांधाच्या पलीकडं काय उगवलं त्यावर विश्वास ठेवतो. तेव्हाही तसंच होतं.

धंदा रुळाला लागतो तोच नगरपालिकेनं नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा रिकामी करायला लावली. अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन त्यांनी दिली, कर्जही दिलं. जमीन कसली, निवडुंगाचं आणि सापांचं रान. पाणी नाही, सावली नाही. १० मार्च १९१० रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, थोडेसे कामगार आणि त्यांची बायका-पोरं घेऊन लक्ष्मणराव तिथं उतरले. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. वस्तीत शिवाशीव पाळायची नाही, हा नियम पहिल्यापासून होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी राखणीच्या कामावर घेतलं.

लोहाराचा भाता आणि कारखान्याची भट्टी

गावातला लोहार भात्यावर लोखंड लाल-पिवळं करतो. तेवढ्या उष्णतेत ते मऊ होतं, ठोकून वाकवता येतं, पण पाण्यासारखं पातळ होत नाही. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. त्यात तीन-चार टक्के कार्बन असला तर तेच साधारण ११५० ते १२०० अंशांत वितळतं. हे ओतीव लोखंड म्हणजे बीड. आपल्या जिल्ह्याच्या नावासारखाच शब्द. घरातला बिडाचा तवा त्याचाच.

हे ओतकाम उभ्या भट्टीत होतं. कोक, कच्चं बीड आणि चुनखडीचे थर द्यायचे आणि खालून जोरात हवा सोडायची. हवा जितकी जोरात तितका कोक धगधगतो. चुनखडी मळ ओढून घेते. खालून निघालेला रस रेतीच्या साच्यात ओततात. साच्यात ओल जास्त राहिली तर तिची वाफ होऊन रस अंगावर उडतो. पाऱ्याचा थर्मामीटर इथं चालत नाही, कारण पारा स्वतःच ३५७ अंशांना उकळतो. त्यामुळं जुने कारागीर रसाचा रंग पाहूनच अंदाज घ्यायचे.

नांगराची खरी परीक्षा फाळात असते. मऊ फाळ झिजतो, फार कडक असला तर दगडाला लागून तुटतो. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये यावर तोड काढली होती. फाळाची खालची बाजू साच्यात लोखंडाला टेकवायची, म्हणजे ती झटकन थंड होऊन कडक होते. वरची बाजू सावकाश थंड होते, म्हणून मऊ राहते. वरची बाजू आधी झिजते आणि धार आपोआप टिकते. तापवणं जितकं महत्त्वाचं तितकंच थंड करणंही, हे ओतकामाचं मर्म.

महायुद्धात तोफांचं लोखंड

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. कच्चं लोखंड आणि कोक मिळेना. कारखाना बंद पडायची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरचे शाहू महाराज पुढं आले. संस्थानातल्या जुन्या तोफा त्यांनी दिल्या. त्या फोडून भट्टीत घातल्या आणि त्यांचे नांगर झाले. माणसं मारायला ओतलेलं लोखंड रान पिकवायच्या कामी आलं.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं आणि पाण्याचे पंप किर्लोस्करवाडीतून निघू लागले. मोटेवरची शेती पंपावर गेली त्यात या कारखान्याचा मोठा हात आहे. पुढं मुलगा शंतनुराव यांनी हा पसारा वाढवला.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. १९६९ साली जन्मशताब्दीला त्यांच्या नावानं टपाल तिकीट निघालं.

आज नांगरट ट्रॅक्टरवर होते आणि बैलाचा लोखंडी नांगर बऱ्याच वाड्यांत गोठ्याच्या भिंतीला टेकलेला दिसतो. भंगारवाला किलोवर भाव करतो. तो नांगर देण्याआधी एवढं ध्यानात ठेवावं, की ज्या लोखंडाला लोक विष म्हणायचे, त्याच लोखंडानं खालची माती वर आणून उन्हाला दाखवली.