देवाचा दरबार : कवी नारायण वामन टिळक यांचे चरित्र

वारीच्या वाटेवर दर वर्षी कोणीतरी नवखा मनुष्य भेटतो आणि हटकून एक प्रश्न विचारतो. देव जर सगळीकडे भरलेला आहे, तर पंढरपुरापर्यंत पाय कशाला झिजवायचे? घरी बसून घेतलेले नाम देवाला ऐकू येत नाही का? आणि नाम घ्यायचे तर मनातल्या मनात घ्यावे, टाळमृदंग वाजवून चार लोकांना कशाला सांगायचे? या प्रश्नाला आपापल्या परीने उत्तर देत देत आपण पुढे चालू लागतो.

पण वाचकहो, हा प्रश्न आपल्याच पंथात विचारला जातो असे नाही. ख्रिस्ती लोकांतही तो जुना आहे. ख्रिस्तावर मनापासून श्रद्धा असली म्हणजे पुरे, की दर रविवारी चर्चमध्ये गेलेच पाहिजे? आणि ती श्रद्धा दुसऱ्याला सांगितली नाही, तर ती अपुरी राहते का? या दोन प्रश्नांपायी आयुष्यभर तळमळलेला एक मराठी माणूस होऊन गेला. त्यांची कविता आपण शाळेत पाठ केली. फुलामुलांचे कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो. ते म्हणजे नारायण वामन टिळक. त्यांचा धर्म आपला नव्हता. पण तुकोबारायांचे ऋण त्यांनी जन्मभर मानले. म्हणून त्यांची हकीकत या पानांवर परकी वाटू नये.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन घराण्यात झाला. वडील सरकारी नोकर आणि स्वभावाने कडक. आई जानकीबाई मायाळू आणि देवभोळी. ओव्या आणि अभंग यांची गोडी मुलाला तिच्याकडूनच लागली. पण ते सुख फार दिवस टिकले नाही. नारायण अकरा-बारा वर्षांचा असतानाच आई गेली आणि पोराचे घरावरचे मन उडाले. तो नाशिकला आला. गोदाकाठी गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानांपाशी संस्कृत शिकला, थोडे इंग्रजी शिकला. कोणाच्या घरी जेवावे, कोणाच्या ओसरीवर निजावे, अशी ती विद्या.

१८८० साली लग्न झाले. पत्नी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी, वय अवघे अकरा-बारा. ह्याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई. त्यांच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचा असा कडक अंमल, की बाजारातून आणलेले वाणसामानसुद्धा धुतल्यावाचून घरात येत नसे. आणि नवरा मिळाला तो भटक्या वृत्तीचा! आज इथे शिक्षक, उद्या तिथे पुराणिक, परवा कीर्तनकार. हातात पैसा आला की दुसऱ्याच्या हातात जायचा. बाजारात जायचे एका जिनसेसाठी आणि घरी यायची भलतीच वस्तू. संसार कसा चालला असेल तो त्या माउलीलाच ठाऊक.

नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांनी ग्रंथांचे काम केले, ‘ऋषि’ नावाचे मासिक चालवले. पण मनाला स्वस्थता नव्हती. जातिभेदाने पोखरलेला आपला देश कोणत्या धर्माने उभा राहील, हा घोर त्यांना लागला होता. नवाच एखादा धर्म काढावा, असेही त्यांच्या मनात घोळत असे.

१८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावाकडे आगगाडीने निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ होता. बोलणे निघाले ते संस्कृत कवितेवरून आणि गेले धर्मावर. उतरताना त्या गृहस्थाने आपल्याजवळचे बायबल टिळकांना दिले आणि ते वाचण्याचे वचन घेतले. तो गृहस्थ कोण, हे टिळकांना पुढे कधीच कळले नाही. वचन दिले म्हणून ते वाचायला बसले. पहिल्या पहिल्यांदा मन रमेना. पण ख्रिस्ताचे डोंगरावरचे प्रवचन आले आणि तेथून त्यांचा पाय निघेना.

येथून त्यांच्या आयुष्यातला पहिला पेच सुरू झाला. मन ख्रिस्ताकडे गेले, पण तोंड उघडायचे कसे? उघडले तर नातेवाईक तुटणार, नोकरी जाणार, बायको आणि लहानगा मुलगा दुरावणार. न उघडले तर काय बिघडले? देव अंतःकरण जाणतोच. सुमारे दोन वर्षे त्यांनी हा गुप्त भक्तीचा मार्ग चालून पाहिला. मुंबईच्या अॅबट साहेबांशी पत्रव्यवहार चाले. हेच ते जस्टिन अॅबट, ज्यांनी पुढे महिपतीबोवांच्या संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतर सिद्ध केले. पण झाकून ठेवलेली श्रद्धा टिळकांना आतून जाळू लागली. जे आपल्याला सर्वांत प्रिय, ते आपल्या माणसांपासून लपवायचे, म्हणजे देवाशीही खोटे आणि माणसांशीही खोटे. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला.

मग जे व्हायचे ते झाले. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. नातलगांनी त्यांना सांभाळले, आणि ते कोठे म्हणाल, तर आपल्या पंढरपुरात! बहिणीच्या आश्रयाने चंद्रभागेच्या काठी त्यांनी दुःखाचे ते दिवस काढले. इकडे टिळक अहमदनगरला, तिकडे बाई पंढरीत; मधे धर्माची भिंत. पुढे काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे आल्या, पण आल्या त्या आपले सोवळे घेऊनच. एकाच घरात दोन चुली. टिळकांनी धर्मासाठी बळजबरी केली नाही. राहुरीला असताना बाईंनीच एक दिवस मनाशी विचार केला, की ही जातपात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांसारखी अंगावर खूण दिसली असती. सगळा गुंता सुटला आणि त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी घ्यायचे ठरवले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म सांगणे म्हणजे काय, याचा हा नमुना ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पाच वर्षे घरच्या माणसाची वाट पाहणे हेही सांगणेच होते.

आता दुसरा पेच. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे नोकर झाले. या मिशनने नगरास १८३१ पासून ठाणे मांडले होते. टिळक तेथल्या धर्मशाळेत शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या १८४२ पासून निघणाऱ्या पत्राचे मराठी संपादन १९१२ पासून त्यांच्याकडे आले. म्हणजे दर रविवारी चर्च आणि रोजचे काम धर्म सांगण्याचे. आमचा नवखा वारकरी म्हणेल, झाले की मग! प्रश्न सुटला.

पण तो सुटला नाही. टिळकांना दिसले, की आपली मंडळी एका कुंपणात बसली आहे. (ख्रिस्ती लोक आपल्या उपासकांच्या समूहाला ‘मंडळी’च म्हणतात, बरं का.) बाके परदेशी, चाली परदेशी, गाणी इंग्रजी वृत्तांत कोंबलेली. खेड्यातला माणूस त्या दारापाशी येई आणि हे साहेबाचे देऊळ म्हणून मागे फिरे. आतल्या माणसाला वाटे, रविवारी येऊन बसलो की आपले काम झाले. जाणे होते, पण भेटणे नव्हते. सांगणे होते, पण ज्याला सांगायचे त्याच्या भाषेत नव्हते.

येथे तुकोबाराय त्यांच्या मदतीला आले. आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरूनच, असे टिळक उघड कबूल करीत. यहुदी लोकांना जसा जुना करार, तशी मराठी माणसाला संतांची वाणी, ही त्यांची धारणा होती. त्यांनी ख्रिस्ताची भजने अभंगात आणि ओवीत रचली आणि ती टाळमृदंगावर गायली. नगर भागात ख्रिस्ती कीर्तनाची चाल त्यांच्याआधीही होती. टिळकांनी तिच्यात जीव ओतला. ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओवीत सांगावे म्हणून १९०९ साली त्यांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले. आपल्या मासिकाच्या वाचकाने ती भजने नुसती कानांवर घेतली, तर ताल आणि तळमळ त्याला ओळखीची वाटेल, एवढे खास.

तरीही एक शल्य राहिले, आणि ते वारकऱ्याला लगेच समजेल. कीर्तनाचा मोबदला घेऊ नये, हा आपल्या संप्रदायाचा दंडक तुम्हांला ठाऊकच आहे. का? कारण पैसा मधे आला की ऐकणाऱ्याच्या मनात किंतु येतो. टिळक ख्रिस्ताविषयी बोलू लागले की ऐकणारा मनात म्हणे, याला साहेबाचा पगार आहे, हा बोलणारच. जे प्राण ओतून सांगायचे, ते पगारी होऊन बसले!

शेवटी १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवले. वय पंचावन्नच्या पुढे, प्रकृती ढासळलेली, पदरी कुटुंब. ठरलेला पगार बंद. लक्ष्मीबाईंच्या जिवाची काय उलघाल झाली असेल! सातारला बिऱ्हाड करून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ नावाची बंधुता स्थापन केली. तिच्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ख्रिस्ताला गुरू मानावे, एकमेकांना भावंडे मानावे, सेवा करावी. जातीतून उठायचे नाही, कपडे बदलायचे नाहीत, साहेबाची गाणी गायची नाहीत.

पुष्कळांचा समज झाला, की टिळक चर्चविरुद्ध उठले. तसे नव्हते. ज्या ‘ज्ञानोदया’तून मंडळीचा आवाज निघे, त्याचे संपादन त्यांनी सोडले नाही. मंडळी नको, असे त्यांचे म्हणणे नव्हतेच. एकट्याने भक्ती होत नाही, हे त्या दोन वर्षांच्या गुप्त श्रद्धेने त्यांना शिकवले होते. त्यांचे भांडण भिंतीशी होते, संगतीशी नव्हते. संगत हवी, पण तिचे दार उघडे हवे. सांगणे हवे, पण ते विकलेले नसावे.

दरबार थाटला, पण दरबाराचा धनी फार दिवस राहिला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचे देहावसान झाले. उण्यापुऱ्या दोन वर्षांत तो डाव मोडला आणि त्यांच्यामागे दरबार विरून गेला. ज्येष्ठात निघालेली दिंडी आषाढीपूर्वीच थांबावी तसे झाले. ‘ख्रिस्तायन’ही अर्धवटच राहिले. पण ज्या बाई एके काळी त्या धर्माच्या नावाने पंढरीत अश्रू ढाळीत होत्या, त्यांनीच लेखणी उचलली आणि पुढचे ६४ अध्याय लिहिले. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या. ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. टिळकांवर जीव असलेल्या विन्स्लो नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने १९२३ साली त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. ख्रिस्त सेवा संघाचे संस्थापकही तेच.

आता मौज पाहा. उघड्या दाराचा दरबार मोडला, आणि ज्या चर्चच्या भिंतींनी टिळकांचा जीव घुसमटला, त्याच भिंतींच्या आत महाराष्ट्रातले ख्रिस्ती लोक आजही टिळकांचीच भजने गातात. त्यांच्या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. दर रविवारी येऊन बसणारी ती मंडळी नसती, तर ती गाणी कोणी सांभाळली असती? आजोबांच्या तोंडची चाल नातवाच्या तोंडी कशी गेली असती? आपल्याकडे फड नसते, दिंड्या नसत्या, एकादशीला जमणारी गावोगावची माणसे नसती, तर संतांची वाणी पोथीतच राहिली असती, तसेच हे.

म्हणून ख्रिस्ती माणसाने चर्चला जावे का, या प्रश्नाला टिळकांच्या आयुष्याने दिलेले उत्तर एकेरी नाही. नुसते जाऊन बसण्याने भक्त होत नाही, हे त्यांनी नोकरी सोडून दाखवले. आणि न जाता, न मिळता, न मिसळता भक्ती टिकत नाही, हे त्यांच्या मागे त्यांच्या गाण्यांनी दाखवले. श्रद्धा सांगावी का, याचेही तसेच. ती लपवली तर कुजते, पगारावर सांगितली तर फिकी पडते. प्रेमाने गायली, घरच्या माणसाची पाच वर्षे वाट पाहिली, तर ती आपण होऊन पलीकडे पोहोचते.

आता पुढल्या वारीत तो नवखा मनुष्य भेटला, की वाद घालू नका. त्याला दिंडीत घ्या, हाती टाळ द्या आणि दोन मुक्काम बरोबर चालू द्या. नारायणराव टिळक असते तर त्यांनीही तेच केले असते.