कोपनहेगनचे विरजण

१८४५ सालची गोष्ट. म्युनिकहून उत्तरेकडे निघालेल्या घोडागाडीत तिशी ओलांडलेला एक डॅनिश गृहस्थ बसला होता. त्याच्या सामानात पत्र्याचे दोन डबे होते आणि त्याचे सारे लक्ष त्या डब्यांवर होते. घोडे बदलण्यासाठी गाडी जेथे थांबे तेथे तो खाली उतरे, पाण्याचा पंप शोधे आणि डब्यांवर थंड पाणी ओतून पुन्हा जागेवर येऊन बसे. डब्यांत सोनेनाणे नव्हते. त्यांत होता करड्या रंगाचा चिकट गाळ. म्युनिकच्या 'श्पाटेन' ब्रुअरीचे ते जिवंत यीस्ट होते. उष्म्याने ते मेले असते तर प्रवास व्यर्थ ठरला असता. ते जगले, म्हणून जगातील बिअरचा इतिहास बदलला. त्या गृहस्थांचे नाव याकोब क्रिस्टियन याकोबसेन. पुढे जगभर गाजलेल्या 'कार्ल्सबर्ग' ब्रुअरीचे ते संस्थापक.

याकोबसेन यांचा जन्म २ सप्टेंबर १८११ रोजी कोपनहेगनमध्ये झाला. वडील क्रिस्टन याकोबसेन जटलंडच्या शेतकरी कुटुंबातून राजधानीत आले आणि बिअरच्या धंद्यात स्थिरावले. त्या काळच्या डेन्मार्कमध्ये बिअर म्हणजे रोजच्या जेवणातले पेय होते. पण ती टिकत नसे आणि एका पिंपाची चव दुसऱ्या पिंपाला नसे. आज गोड, उद्या आंबूस, परवा फेकून देण्याच्या लायकीची. ब्रुअर अनुभवावर आणि बराचसा दैवावर विसंबून असत. क्रिस्टन मात्र थोडे वेगळे होते. उष्णतामापकाचा उपयोग करावा, रसायनशास्त्र समजून घ्यावे, असे त्यांना वाटे. मुलाचे विद्यापीठीय शिक्षण झाले नाही. पण विद्युत् आणि चुंबकत्वाचे नाते उलगडणारे हान्स क्रिस्टियन अर्स्टेड यांची व्याख्याने त्याने ऐकली. त्या व्याख्यानांचा संस्कार त्याच्यावर जन्मभर राहिला.

१८३५ मध्ये वडील वारले आणि ब्रोलेगरस्ट्रेड या गल्लीतील जुनी ब्रुअरी चोविसाव्या वर्षाच्या आतच याकोबसेन यांच्या अंगावर पडली. त्याच सुमारास बव्हेरियातील नव्या बिअरचा बोलबाला होऊ लागला होता. तेथील यीस्ट तळाशी बसून, थंडीत, सावकाश काम करी. मग ती बिअर तळघरात महिनोन्‌महिने मुरवीत. या मुरविलेल्या बिअरला लागर म्हणत. ती स्वच्छ, टिकाऊ आणि चवीला एकसारखी असे. याकोबसेन यांना तिने झपाटले. त्यांनी पहिले प्रयोग केले ते आईच्या कपडे उकळण्याच्या हंड्यात! आजचा कोणताही हौशी बिअरवाला स्वयंपाकघरात जे करतो, तेच हा व्यावसायिक ब्रुअर आपल्या घरी करीत होता. पद्धत पुस्तकात वाचता येत होती. योग्य यीस्ट मात्र पुस्तकात मिळत नाही. ते कोणाकडून तरी मागून आणावे लागते. दह्याचे विरजण जसे शेजारच्या घरातून आणावे तसेच हे.

ते देणारा शेजारी भेटला म्युनिकमध्ये. 'श्पाटेन'चे गाब्रिएल झेडलमायर यांची गोष्टही गमतीची आहे. तरुणपणी, १८३३ मध्ये, ते व्हिएन्नाजवळचे ब्रुअर आंतोन ड्रेअर यांच्यासह ब्रिटनच्या दौऱ्यावर गेले होते. तेथील ब्रुअरींमध्ये पाहुणे म्हणून शिरायचे, यजमानाची नजर चुकवून पोकळ काठीत बिअरचा नमुना भरून घ्यायचा आणि मुक्कामी परतल्यावर तो तपासायचा, असा या जोडीचा उद्योग होता. त्या काळी ज्ञान असे चोरूनच मिळवावे लागे. पण काठीत नमुने लपविणाऱ्या याच झेडलमायर यांनी दूरच्या डॅनिश ब्रुअरला आपले यीस्ट उघडपणे देऊन टाकले. याकोबसेन हे उपकार कधी विसरले नाहीत.

त्या दोन डब्यांतल्या यीस्टपासून बनविलेली पहिली बिअर कोपनहेगनच्या तटबंदीखालील तळघरांत मुरली आणि लोकांना आवडली. जुनी गल्ली आता अपुरी पडू लागली. याकोबसेन यांनी शहराबाहेर वाल्बी येथील टेकडीवर जागा घेतली. कोपनहेगनहून रोस्किल्डला जाणारी रेल्वे तेथून जवळ होती. १० नोव्हेंबर १८४७ रोजी नव्या ब्रुअरीत पहिली बिअर शिजली. नाव ठेवले कार्ल्सबर्ग. 'बर्ग' म्हणजे टेकडी आणि कार्ल हा त्यांचा पाच वर्षांचा एकुलता मुलगा. ज्याचे नाव त्यांनी ब्रुअरीला दिले, त्याच्याशीच पुढे त्या नावावरून त्यांचे हाडवैर होणार होते.

त्यानंतरची वीसएक वर्षे भरभराटीची होती. १८६७ मध्ये आगीने ब्रुअरीचे मोठे नुकसान केले, तीही पुन्हा उभी राहिली. १८६८ मध्ये बिअर स्कॉटलंडला रवाना झाली. याकोबसेन देशातील मोठ्या धनिकांत गणले जाऊ लागले. १८५९ मध्ये फ्रेडरिक्सबोर्गचा राजवाडा जळाला, तेव्हा त्याच्या पुनर्बांधणीसाठी त्यांनी मोठी रक्कम दिली आणि पुढे तेथे राष्ट्रीय इतिहासाचे संग्रहालय उभे करविले. धनिकांनी दाने द्यावीत यात नवल नाही. त्यांचे खरे दान आणखी वेगळे होते.

हाताशी उत्तम यीस्ट असूनही बिअर का बिघडते, हे त्यांना कळत नव्हते. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी याच प्रश्नाला हात घातला होता. जर्मनीकडून झालेल्या पराभवानंतर फ्रेंच बिअर सुधारण्याच्या ईर्षेने ते कामाला लागले होते आणि १८७६ मध्ये त्यांचा बिअरवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. याकोबसेन पाश्चर यांचे निस्सीम चाहते. १८७५ मध्ये त्यांनी ब्रुअरीलगत स्वतंत्र प्रयोगशाळा स्थापन केली. पुढच्याच वर्षी दहा लाख क्रोनर देऊन 'कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान' निर्माण केले आणि त्याचा कारभार डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीने निवडलेल्या पाच विद्वानांकडे सोपविला. या साऱ्यात एक अट अशी होती की कोणत्याही कारखानदाराने आजही दचकावे. प्रयोगशाळेत जे काही महत्त्वाचे सापडेल, ते तात्त्विक असो वा व्यावहारिक, गुप्त ठेवायचे नाही. प्रतिस्पर्ध्यालाही ते वाचता आले पाहिजे. डॅनिश भाषा परक्यांना येत नाही, म्हणून अहवालांसोबत फ्रेंच सारांशही छापला जाई.

या अटीचा कस लागला १८८३ मध्ये. कार्ल्सबर्गची बिअर बिघडू लागली होती. वास आणि चव, दोन्ही नकोशी. साफसफाईत कसूर नव्हती आणि पाश्चर सांगत ते जिवाणूही या वेळी गुन्हेगार नव्हते. प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सेन नावाचा शास्त्रज्ञ होता. रिबे गावच्या गरीब घरातला हा माणूस आधी भिंती रंगविण्याचे काम करीत असे. शिकण्याच्या ओढीने तो विद्यापीठात पोहोचला आणि डार्विन यांचा 'बीगल' प्रवास त्याने एका सहकाऱ्यासह डॅनिशमध्ये आणला. त्याचे म्हणणे असे, की ब्रुअर ज्याला आपले यीस्ट म्हणतो ती एक जात नसून अनेक जातींची खिचडी असते. त्यातील काही रानटी जाती बिअर नासवितात. हे सिद्ध करण्यासाठी त्याने यीस्टचे द्रावण इतके विरळ केले की एका थेंबात जेमतेम एकच पेशी यावी. त्या एका पेशीपासून वंश वाढविला. कार्ल्सबर्गच्या यीस्टमध्ये चार प्रकार निघाले आणि त्यांतील एकच चांगली बिअर देणारा होता.

याकोबसेन यांचा या कल्पनेवर लगेच विश्वास बसला नाही. आयुष्यभर जिभेवर भरवसा ठेवलेल्या माणसाला सूक्ष्मदर्शकाचा निकाल एकदम कसा पटावा? पण १२ नोव्हेंबर १८८३ रोजी एकाच पेशीच्या वंशातील यीस्ट जुन्या ब्रुअरीच्या हौदात पडले आणि तयार झालेली बिअर जिभेलाच पटली. लवकरच ब्रुअरीतील सारे उत्पादन या शुद्ध यीस्टवर होऊ लागले.

आता याकोबसेन यांच्या हाती असे साधन आले होते, की ते तिजोरीत ठेवून स्पर्धकांना सहज नामोहरम करता आले असते. त्यांनी ते तिजोरीत ठेवले नाही. हान्सेनची पद्धत छापून जाहीर झाली आणि जो ब्रुअर मागेल त्याला, देशातील असो वा परदेशातील, शुद्ध यीस्ट विनामूल्य मिळू लागले. अडतीस वर्षांपूर्वी एका घोडागाडीतून आलेले विरजण आता दारोदार निघाले होते. जगभरचे हौशी बिअरवाले आज एकमेकांना बाटल्या पाठवितात, चव पाहून दोष मोकळेपणी कळवितात आणि जमलेले यीस्ट वाटून घेतात. त्यांचा बराचसा व्यवहार ज्या यीस्टवर आणि ज्या मोकळेपणावर चालतो त्याचे मूळ येथे शोधावे लागते. १८८४ मध्ये वैद्यकीय परिषदेसाठी कोपनहेगनला आलेल्या पाश्चर यांनी प्रयोगशाळेला भेट दिली, तेव्हा याकोबसेन यांना धन्यता वाटली असल्यास नवल नाही.

मात्र परक्या ब्रुअरला यीस्ट देणाऱ्या या माणसाला स्वतःच्या मुलाची बिअर पसंत नव्हती.

कार्ल आणि हान्सेन दोघेही १८४२ सालचे. कार्लला वडिलांनी चार वर्षे युरोपातील ब्रुअरींमध्ये शिकावयास धाडले आणि परत आल्यावर त्याच्यासाठी शेजारीच एक ब्रुअरी बांधून ती भाडेपट्ट्याने दिली. तेथे त्याने इंग्रजी पद्धतीची एल आणि पोर्टर बनवावी, अशी अपेक्षा होती. डॅनिश ग्राहकाला ती रुचेना. मग कार्लने लागरच सुरू केली. पण वडिलांपेक्षा कमी काळ मुरवून, अधिक प्रमाणात आणि बाजारात लवकर. धंदा झपाट्याने वाढला. थोरल्या याकोबसेन यांच्या लेखी हा कलेचा अपराध होता. पुरेशी न मुरलेली बिअर कार्ल्सबर्गच्या नावाने जाते, हे त्यांना सोसेना. त्यांनी उत्पादनाला मर्यादा घालण्याचा आग्रह धरला, मुलाने तो धुडकावला. अखेर भाडेपट्टा संपुष्टात आला. १८८२ पर्यंत कार्लची स्वतंत्र ब्रुअरी उभी राहिली होती आणि तिचे नाव होते 'न्यू कार्ल्सबर्ग'. वडिलांनी मग आपल्या ब्रुअरीला 'ओल्ड कार्ल्सबर्ग' म्हणावयास सुरुवात केली. वाद इतका विकोपाला गेला की दोन्ही ब्रुअरींमधील रस्त्याला दोघांनी दोन नावे दिली आणि आपापल्या पाट्या लावल्या. कोपनहेगनकरांची करमणूक झाली. घरातल्यांचे काय झाले असेल याची कल्पनाच करावी.

त्याच १८८२ मध्ये याकोबसेन यांनी मृत्युपत्र बदलले. ब्रुअरी मुलाकडे जाणार नव्हती. आपल्या पश्चात तिची मालकी कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाकडे, म्हणजेच शास्त्रज्ञांकडे जावी, अशी तजवीज त्यांनी केली. तात्कालिक नफ्याकडे न पाहता बिअर बनविण्याची कला शक्य तितक्या पूर्णत्वाला न्यावी आणि ब्रुअरी इतरांसाठी आदर्श ठरावी, ही अपेक्षाही लेखी नमूद केली. याला तत्त्वनिष्ठा म्हणावे की रागाचे प्रायश्चित्त वारसाला भोगावयास लावणे? दोन्हीचे मिश्रण त्यात असावे. मुलाच्या बाजूनेही बोलता येईल. बाजार कार्लला कळला होता आणि त्याच्या बिअरला लोकांनी पसंती दिली होती. परक्यांच्या दोषांकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहणारे याकोबसेन मुलाच्या दोषांकडे मात्र अपमान म्हणून पाहत राहिले.

सुदैवाने अखेर तशी झाली नाही. शेवटच्या काळात पितापुत्रांत समेट झाला. १८८७ च्या वसंतात याकोबसेन रोममध्ये होते. तेथेच ते आजारी पडले आणि ३० एप्रिल रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला. कार्ल त्या वेळी जवळ होता. मृत्युपत्रानुसार १८८८ मध्ये जुनी ब्रुअरी प्रतिष्ठानाकडे गेली. कार्लने कटुता धरली नाही. पुढे त्याने आपली ब्रुअरीही त्याच प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केली आणि १९०६ मध्ये दोन्ही कार्ल्सबर्ग एक झाल्या. कोपनहेगनच्या बंदरातील प्रसिद्ध 'लिटल मर्मेड' ही कार्लचीच शहराला भेट, १९१३ सालची.

याकोबसेन यांची प्रयोगशाळा पुढेही फळत राहिली. योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये तेथे शोधलेली नायट्रोजन मोजण्याची रीत दुधातील आणि धान्यातील प्रथिने ठरविण्यासाठी जगभर रूढ झाली. आपल्याकडील प्रयोगशाळांतही ती परिचयाची आहे. आम्लता मोजण्याचे पीएच हे परिमाण सोरेन सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये येथूनच दिले. या दोन्ही शोधांवर ब्रुअरीने हक्क सांगितला नाही. याकोबसेन यांचे निवासस्थान मानाचे घर म्हणून नामवंत विद्वानांना राहावयास देण्याची प्रथा पडली आणि १९३२ पासून १९६२ मध्ये मृत्यू होईपर्यंत भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर तेथे राहिले.

२०१३ मध्ये कार्ल्सबर्गच्या जुन्या तळघरात शुद्ध यीस्टच्या सुरुवातीच्या काळातील बाटल्या सापडल्या. त्यांतील काही पेशी अजून जिवंत होत्या. प्रयोगशाळेत त्या वाढविण्यात आल्या, जुन्या पद्धतीने बिअर बनविण्यात आली आणि २०१६ मध्ये कोपनहेगनमध्ये निमंत्रितांनी ती चाखली.