उकिचिरो नाकाया

उकिचिरो नाकाया (४ जुलै, १९०० – ११ एप्रिल, १९६२) हे जपानी भौतिकशास्त्रज्ञ व निबंधकार होते. प्रयोगशाळेत हिमस्फटिक घडविणारे पहिले संशोधक म्हणून ते ओळखले जातात.

जीवन

नाकाया यांचा जन्म इशिकावा प्रांतातील कातायामाझू या उष्णोदकाच्या झऱ्यांच्या गावी झाला. टोकियो इम्पीरियल विद्यापीठात तोराहिको तेरादा यांच्या हाताखाली शिकून ते १९२५ साली पदवीधर झाले. पुढे लंडनला त्यांनी क्ष-किरणांचा अभ्यास केला. १९३० मध्ये ते साप्पोरो येथील होक्काइदो विद्यापीठात रुजू झाले. तेथे उपकरणांची वानवा होती, हिमाची मात्र नव्हती. तोकाची पर्वतावर सूक्ष्मदर्शक नेऊन त्यांनी नैसर्गिक हिमस्फटिकांची सुमारे ३,००० छायाचित्रे घेतली व त्यांचे वर्गीकरण केले.

कृत्रिम हिमस्फटिक

छायाचित्रांवरून स्फटिकाचा आकार कळे, कारण कळत नसे. त्यासाठी स्फटिक स्वतः वाढविणे आवश्यक होते. अतिशीत खोलीतील काचेच्या नळीत तळाच्या कोमट पाण्याची वाफ वर चढून एका धाग्यावर गोठे. रेशीम व सुती धाग्यांवर नुसता दहिवराचा थर जमे. सशाच्या केसावर ठरावीक अंतराने बारीक गाठी असल्याने तेथे एकेक स्फटिक सुटा वाढू शकला, आणि १२ मार्च, १९३६ रोजी प्रयोग साधला. तापमान व बाष्पाचे प्रमाण यांवरून आकार ठरतो, हे दाखविणारा आलेख आज 'नाकाया आलेख' म्हणून प्रसिद्ध आहे. −१५° से. च्या आसपास भरपूर बाष्प असल्यास फांद्यांची चांदणी, तर −५° से. च्या सुमारास सुया तयार होतात. त्यामुळे जमिनीवर पडलेल्या हिमावरून वरच्या हवेची स्थिती ताडता येऊ लागली.

स्कीच्या उतारांवरील कृत्रिम हिमाशी या शोधाची अनेकदा गल्लत केली जाते. अमेरिकेत १९५० साली आलेली हिमयंत्रे दाबाखालील हवेने पाण्याचे तुषार उडवितात व ते थेंब गोठून कण बनतात. त्यासाठी तलाव, पंप व नळांचे जाळे लागते. नाकाया यांचा स्फटिक मात्र ढगातल्याप्रमाणे थेट वाफेपासून वाढला.

उत्तरकाल

युद्धकाळात त्यांनी निसेको-आन्नुपुरी शिखरावर विमानांवर साचणाऱ्या बर्फाचा अभ्यास केला. निसेको आता स्कीसाठी जगप्रसिद्ध आहे. युद्धानंतर दाइसेत्सुझान पर्वतराजीतील हिमाचा साठा मोजून, ते वितळल्यावर किती पाणी मिळेल, याचा अंदाज त्यांनी बांधला. एवढ्या जपानी हिमवृष्टीकडे जलसंपत्ती म्हणून पाहण्याची ही दृष्टी त्यांच्या स्फटिकांइतकीच मोलाची होती, पण तिची चर्चा कमी होते. १९५४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांचा हिमस्फटिकांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. अखेरच्या वर्षांत ते ग्रीनलंडच्या बर्फाच्या संशोधनात गुंतले होते. टोकियो येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जन्मगावी १९९४ साली हिम-संग्रहालय उभारण्यात आले. त्यांची कन्या फुजिको नाकाया या धुक्याच्या शिल्पांसाठी ख्यातनाम आहेत.