जॉन हॅम्पडेन व जहाजपट्टी

ज्या पुरुषाची हकीकत आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों, त्यानें राज्य जिंकिलें नाहीं, कीं एखादा ग्रंथही लिहून ठेविला नाहीं. राजानें बसविलेली वीस शिलिंगांची एक पट्टी देण्याचें त्यानें नाकारिलें. त्याच्यासारख्या श्रीमंत जमीनदारास ही रक्कम म्हणजे हातचा मळ. मग त्यानें एवढा आग्रह कां धरिला, हें समजून घेण्याजोगें आहे.

जॉन हॅम्पडेन याचा जन्म इ. स. १५९५ च्या सुमारास झाला. त्याचें घराणें इंग्लंडांतील बकिंगहॅमशर परगण्यांतलें, जुनें व सधन. तो अगदीं लहान असतांनाच त्याचे वडील वारले. ऑक्सफर्ड येथें शिक्षण झाल्यावर त्यानें लंडनमध्यें कायद्याचा अभ्यास केला. पुढें प्रसिद्धीस आलेला ऑलिव्हर क्रॉमवेल हा त्याचा मामेभाऊ. हॅम्पडेन हा प्युरिटन मताचा, बोलण्यांत मृदु व वर्तनांत शांत. परंतु एकदां पटलेली गोष्ट तो सोडीत नसे. १६२१ सालीं तो पार्लमेंटचा सभासद झाला. पुढें पहिला चार्लस राजा यानें प्रजेकडे सक्तीचें कर्ज मागितलें. तें न दिल्यामुळें १६२७ सालीं हॅम्पडेन यास कैद भोगावी लागली. त्याचा मित्र सर जॉन ईलियट हा राजाच्या कैदेंतच १६३२ सालीं मरण पावला. ईलियट तुरुंगांत असतांना त्याच्या मुलांची काळजी हॅम्पडेननें वाहिली.

आतां ही पट्टी काय होती तें सांगतों. युद्धप्रसंगीं समुद्रकांठच्या शहरांनीं राजास जहाजें किंवा त्यांबद्दल पैसा द्यावा, अशी इंग्लंडांत जुनी वहिवाट होती. नवा कर बसविणें झाल्यास मात्र पार्लमेंटची संमति लागे. आणि चार्लसनें १६२९ पासून पार्लमेंट बोलाविलेंच नव्हतें. खजिना रिकामा होता, व समुद्रांत चांच्यांचा उपद्रवही होता. म्हणून त्यानें १६३४ सालीं बंदरांवर जहाजपट्टी बसविली, आणि १६३५ सालीं ती समुद्रापासून दूर असलेल्या परगण्यांवरही लादिली. बकिंगहॅमशरास समुद्रकिनारा नाहीं. तरी त्यानें ४५० टनांचें एक जहाज अथवा ४,५०० पौंड द्यावे, असा हुकूम सुटला. तो पैसा बहुतेक आरमाराकडेच खर्च झाला, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. वाद खर्चाविषयीं नव्हता. प्रजेची संमति न घेतां तिचा पैसा घेण्याचा अधिकार राजास आहे काय, हा प्रश्न होता.

१६३६ च्या जानेवारींत ग्रेट किंबल या खेड्यांतून पट्टी न देणारांची यादी वर गेली. तींत हॅम्पडेनचें नांव पहिलें होतें, व त्याखालीं सुमारें तीस गांवकऱ्यांचीं नांवें होतीं. आकारणी व वसुली ज्यांच्याकडे होती त्या गांवकामगारांचींही नांवें त्याच यादींत होतीं.

पुढें स्टोक मँडव्हिल येथील जमिनीवरील वीस शिलिंगांबद्दल हॅम्पडेनवर खटला झाला. १६३७ च्या नोव्हेंबरांत बारा न्यायाधीशांपुढें त्याची सुनावणी सुरू झाली. राज्यावर संकट आहे कीं नाहीं हें राजानेंच ठरवावें, व अशा वेळीं पार्लमेंटची वाट पाहणें घातक होय, असें राजाच्या वकिलांचें म्हणणें होतें. हॅम्पडेनचा वकील ऑलिव्हर सेंट जॉन यानें दाखवून दिलें कीं, हुकुमापासून जहाज सज्ज होण्यास सुमारें सात महिन्यांची मुदत होती. तेवढ्यांत पार्लमेंट सहज बोलावितां आलें असतें.

१६३८ सालीं निकाल लागला. सात न्यायाधीश राजाकडे झाले व पांच हॅम्पडेनकडे. हॅम्पडेन हरला. तथापि राजाचेच पांच न्यायाधीश त्याच्या बाजूचे निघाले, ही बातमी देशभर पसरली, व त्यानंतर पट्टीची वसुली झपाट्यानें घटत गेली. १६४० सालीं स्कॉटलंडशीं लढण्यास पैसा हवा म्हणून राजास पार्लमेंट बोलावणें भाग पडलें, आणि १६४१ सालीं पार्लमेंटनें कायदा करून जहाजपट्टी बेकायदा ठरविली व तो निकालही रद्द केला.

१६४२ च्या जानेवारींत राजा स्वतः शिपाई घेऊन पांच सभासदांस पकडण्यास पार्लमेंटांत आला. त्या पांचांत हॅम्पडेन होता. परंतु ते आधींच निसटले होते. त्याच वर्षीं यादवी युद्ध पेटलें. हॅम्पडेननें आपल्या परगण्यांतून एक पलटण उभारिली. १८ जून १६४३ रोजीं चालग्रोव्ह येथें तो जखमी झाला, व सहा दिवसांनीं थेम गांवीं मरण पावला.

त्या युद्धाविषयीं आजही विद्वानांत मतभेद आहेत. पट्टीच्या प्रकरणांत मात्र हॅम्पडेनचें वर्तन स्वच्छ होतें असें आम्ही समजतों. त्यानें उत्पन्न लपविलें नाहीं, कीं वसुली करणारास चुकविलें नाहीं. उघडपणें नकार देऊन तो न्यायासनापुढें उभा राहिला. त्या काळीं मजुराच्या घरीं वीस शिलिंग म्हणजे कित्येक आठवड्यांची कमाई असे, आणि अशा मजुरास वकील देण्याचें सामर्थ्य नव्हतें. ज्यास तें सामर्थ्य होतें, व पैसे भरून मोकळें होणेंही ज्यास सहज शक्य होतें, त्यानें तो वाद आपल्या अंगावर घेतला. म्हणूनच त्याच्या परगण्यांतील लोकांनीं त्याची आठवण ठेविली.