संगीतसूर्य केशवराव भोसले आणि स्वराज्य फंडाची ती रात्र

करवीरनगरीने महाराष्ट्राला जी नररत्ने दिली, त्यांत संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. अवघे एकतीस वर्षांचे आयुष्य त्यांच्या वाट्यास आले. दिनांक 9 ऑगस्ट 1890 रोजी कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. पित्याचे छत्र लवकर हरपले आणि घरच्या दारिद्र्यामुळे, ज्या वयात मुलाने धुळाक्षरे गिरवावीत त्या वयात, केशवराव स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. कै. देवलांच्या शारदेची भूमिका या बालनटाने अशी काही वठविली की, कंपनीचा उत्पन्नाचा आधार तो पोरच होऊन बसला. शालेय शिक्षणाची संधी मात्र कायमची गेली. आयुष्यभर मुले शिकविलेल्या माझ्यासारख्यास ही गोष्ट अजूनही खटकते.

परक्याच्या कंपनीत राबण्याचा कंटाळा येऊन त्यांनी 1 जानेवारी 1908 रोजी हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी स्थापन केली. त्या वेळी त्यांचे वय सतरा वर्षांचे होते! गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांना लाभली. मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ हे हुंड्याच्या रूढीवर कोरडे ओढणारे नाटक याच मंडळीने 1916 साली रंगभूमीवर आणले. आपल्या समाजात लग्नसराईच्या दिवसांत या नाटकाची आठवण कोणी ठेवतो की नाही, हे ज्याचे त्याने पाहावे.

पण आज सांगावयाची आहे ती 8 जुलै 1921 ची रात्र. लोकमान्य निवर्तून वर्ष होत आले होते. त्यांच्या स्मरणार्थ टिळक स्वराज्य फंडात एक कोटी रुपये जमविण्याचा राष्ट्रसभेचा संकल्प होता. त्यासाठी 30 जून ही मुदत ठरली होती. ती उलटली तरी देणाऱ्यांचे हात थांबले नव्हते. अशा वेळी गंधर्व नाटक मंडळी व ललितकलादर्श यांनी एकत्र येऊन मुंबईच्या बालीवाला थिएटरात खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग फंडासाठी करण्याचे ठरविले. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव.

आजच्या वाचकास यातील साहसाची कल्पना सहजी येणार नाही. या दोन मंडळ्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. रसिकांत दोन तट पडलेले. बालगंधर्वांचे गाणे लडिवाळ, लयीशी खेळणारे. केशवरावांचा आवाज उंच पट्टीतला, धारदार, तानेचा वेग विजेसारखा. शिवाय ‘मानापमान’ हे 1911 साली कै. गोविंदराव टेंबे यांच्या चालींनी सजून रंगभूमीवर आले तेव्हापासून बालगंधर्वांचे हुकमी नाटक. भामिनीच्या भूमिकेशी त्यांचे नाव दहा वर्षे जोडलेले होते. पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे उघड होते. त्या रात्री केशवराव फिके पडते, तर तेरा वर्षे जपलेली त्यांच्या मंडळीची अब्रू एका रात्रीत गेली असती. आणि सारी मुंबई तेच पाहावयास आली होती, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. केशवरावांनी तरीही होकार दिला.

तिकिटाचा वरचा दर शंभर रुपये होता. त्या काळी सामान्य कारकुनाने महिनोन्‌महिने राबून एवढी पुंजी साठवावी, अशी ही रक्कम! तरीही थिएटर ओसंडून गेले. नाटकातला धैर्यधर हा गरीब पण मानी सेनापती. धनवंतांच्या घरी त्याचा अपमान होतो आणि पुढे स्वतःच्या पराक्रमाने तो मान मिळवितो. हुबळीस रित्या हातांनी कंपनी उभी करणाऱ्या केशवरावांना ही भूमिका उसनी घ्यावी लागली नसणार, असे मला वाटते. ते प्रयोगात तसूभरही उणे पडले नाहीत. जाणत्यांनी दोघांनाही सारखाच मान दिला. कोण जिंकले, हा वाद मात्र जुन्या मंडळींत पुढे कित्येक वर्षे रंगत असे. त्याचा निकाल लागला नाही, हेच बरे झाले. फंडात सोळा हजार रुपयांहून अधिक भर पडली. दोन्ही मंडळ्यांचा एकोपा एवढ्यावरच न थांबता पुढे ‘सौभद्रा’चाही संयुक्त प्रयोग झाला.

दैवाला हा योग फार काळ रुचला नाही. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला, म्हणजे तीन महिनेही पुरे होण्यापूर्वी, केशवरावांचे आजाराने निधन झाले. ललितकलादर्शची धुरा बापूराव पेंढारकरांनी उचलली व मंडळी जगविली.

शाहू महाराजांनी 1913 ते 1915 या काळात कोल्हापुरात बांधविलेल्या पॅलेस थिएटरास पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. दिनांक 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ती वास्तू आगीत भस्मसात झाली. दुसरे दिवशी उजाडला तो केशवरावांचा जन्मदिवस होता आणि कोल्हापूरकर नाट्यरसिक त्या जळक्या भिंतींपुढे उभे होते.